दहा अवतार आणि एक गर्जना

नाशिककरानें ढोलाच्या आवाजाविषयीं तक्रार करूं नये, असा एक अलिखित संकेत आमच्या गांवांत आहे. येथील ढोल प्रसिद्ध. महाराष्ट्राबाहेरच्या वरातींतूनहि तो 'नाशिक ढोल' याच नांवानें वाजतो. चैत्रांत कामदा एकादशीस पंचवटींतून रामाचा व गरुडाचा रथ निघतो, त्या दिवशीं जो गर्दींत उभा राहिला आहे, त्याच्या कानांस मोठ्या आवाजाचें भय उरत नाहीं. हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, ज्या संगीताविषयीं पुढें लिहावयाचें आहे, त्यावर आमच्या सुशिक्षित वर्गाचा पहिला आणि बहुधा शेवटचा आक्षेप 'हा नुसता गोंगाट आहे' एवढाच असतो. हा आक्षेप वाचकांनीं घटकाभर बाजूस ठेवावा, अशी माझी विनंति आहे. तो अगदींच खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. तो अपुरा आहे, एवढेंच म्हणतों.

माझीहि या संगीताशीं ओळख स्वतःच्या जिज्ञासेनें झालेली नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं माझी मुलगी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही वर्गांत मिल्टनचा सैतान इतक्या रंगून शिकवतां, पण त्याचा आवाज कसा असेल, याचा विचार तुम्हीं कधीं केला आहे का?" इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत माझीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं. त्या महाकाव्यांतील उपमा, वृत्त, वक्तृत्व यांवर मीं पुष्कळ टिपणें लिहून दिलीं. परंतु हा प्रश्न मला कधीं सुचला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. मी निरुत्तर झालेला पाहून तिनें माझ्या कानांस हेडफोन लावला आणि मुंबईच्या 'डेमॉनिक रेझरेक्शन' या बँडचा २०१७ सालीं निघालेला 'दशावतार' हा अल्बम लावून दिला. पहिलें गीत संपेपर्यंत मी केवळ मुलीच्या भिडेखातर बसलों होतों. चौथ्या गीतानंतर मात्र मी उठलों नाहीं. त्यानंतर तो अल्बम मीं अनेकदां, शब्द पुढें ठेवून, ऐकला. त्यांतून जें बरेंवाईट मत बनलें तें येथें मांडीत आहे.

प्रथम या संगीतप्रकाराची जन्मकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथील 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली, आणि मेटलचा आरंभ सामान्यतः तेथूनच मानितात. त्यांतील गिटारवादक टोनी आयोमी हा तरुणपणीं पत्र्याच्या कारखान्यांत कामास असतां त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत तुटलीं. वादन सोडण्याऐवजीं त्यानें बोटांवर टोपणें चढविलीं, आणि तारांचा ताण सोसवेना म्हणून पुढें तारा सैल लावल्या. सैल तारेचा स्वर खालीं उतरला व जड झाला. तोच जडपणा पुढें एका संप्रदायाचें लक्षण ठरला. लोखंडी नांवाच्या या संगीताच्या मुळाशीं खरोखरच लोखंडानें केलेली एक जखम आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या वृक्षास पुढें अनेक फांद्या फुटल्या. त्यांपैकीं एकीस प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. अमेरिकेंतील बॉस्टन येथें संगीतविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांनीं १९८५ सालीं स्थापिलेला व पुढें 'ड्रीम थिएटर' या नांवानें गाजलेला बँड, आणि १९८८ सालीं 'ऑपरेशन: माइंडक्राइम' या अल्बमांत एकच कथा आरंभापासून शेवटपर्यंत सांगणारा 'क्वीन्सराइक' हे या शाखेचे प्रमुख प्रवर्तक. दीर्घ रचना, मध्येंच बदलणारे ताल, वादनाचें कसब, आणि सुटीं गाणीं न देतां एका विषयाचें सूत्र सर्व अल्बमभर राखणें, हे तिचे विशेष होत. दुसरी फांदी डेथ मेटलची. तिच्यांत गायक गात नाहीं, गर्जतो. डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड या दोन फांद्या जेथें एकमेकींस भिडतात तेथें उभा आहे. काटेकोर वर्गीकरण करणारे रसिक त्यास प्रोग्रेसिव्ह म्हणावयास कदाचित् कांकूं करतील. परंतु दहा अवतारांवर दहा गीतें एका सूत्रांत गुंफण्याची कल्पना त्याच शाखेच्या शिस्तींतून आलेली आहे, यांत मला शंका वाटत नाहीं.

या बँडच्या नांवाचा अर्थ 'असुरांचें पुनरुत्थान' असा होतो. साहिल मखिजा यानें तो मुंबईंत २००० सालीं सुरू केला. गायन, गिटार व रचना या तिन्हींचा मुख्य भार त्याच्यावर. त्याच वर्षीं 'डेमनस्टीलर' हा पहिला अल्बम निघाला, आणि तेंच नांव मखिजानें स्वतःस टोपणनांव म्हणून घेतलें. पुढें 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'बियॉण्ड द डार्कनेस' (२००७) आणि 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०) अशी अंधाराची एक त्रयी झाली. नंतर 'द डीमन किंग' (२०१४), आणि त्यानंतर 'दशावतार'. आयर्न मेडन हा विख्यात बँड आपल्या देशांत प्रथम २००७ सालीं आला आणि मेटॅलिका २०११ सालीं; यावरून २००० सालीं मुंबईंत असलें संगीत करूं पाहणाऱ्यापुढें कसली वाट होती, याची कल्पना करावी. चित्रपटाचा आश्रय नाहीं, नभोवाणीचा नाहीं, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचाहि नाहीं. तेव्हां मखिजानें स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. २०१० सालीं 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाचें जागतिक मेटलसाठीं असलेलें पारितोषिक या बँडला मिळालें. त्याच वर्षीं तो नॉर्वेंतील इन्फर्नो महोत्सवांत वाजला, आणि २०१४ सालीं जर्मनींतील वाकेन येथें. आपल्याकडील सुशिक्षित घरांत मात्र या नांवाची वार्ताहि नव्हती. या गायकास परदेशांत पुष्कळजण ओळखतात तें यूट्यूबवरील त्याच्या 'हेडबँगर्स किचन' या पाककृतींच्या कार्यक्रमामुळें! गळ्यांतून राक्षस उभा करणारा हा गृहस्थ हातानें फोडणीहि उत्तम देतो, हें ऐकून आमच्या घरांतील वडील मंडळींचा त्याच्याविषयींचा अर्धा राग गेला.

चौदा वर्षें अंधाराच्या आणि असुरांच्या राज्याचीं गीतें रचणारा बँड एकाएकीं विष्णूच्या पक्षास कसा मिळाला, असें कोणी विचारील. मला यांत पक्षांतर दिसत नाहीं. ज्यास असुर नीट ठाऊक आहे त्यासच अवतार कळण्याचा संभव अधिक. कोंकणांतील दशावतारी खेळ ज्यांनीं जत्रेच्या रात्रीं पाहिले असतील त्यांस हें निराळें सांगावयास नको. त्या खेळाच्या पूर्वरंगांत वेद चोरणारा संकासुर येतो. विष्णूच्या हातून त्याचा वध व्हावयाचा असतो, हें सर्वांस ठाऊक असतें. पण तो मालवणी बोलींत जी थट्टा मांडतो, तिजसाठीं लहान मुलें झोप आवरून जागीं राहिलेलीं असतात. देव येईपर्यंत रंगभूमि असुराच्याच मालकीची असते.

दशावतार हा विषय आपल्या देशांत किती सांच्यांतून ओतला गेला आहे! काश्मीरच्या क्षेमेंद्रानें १०६६ सालीं 'दशावतारचरित' हें काव्य पुरें केलें. पुढल्या शतकांत जयदेवानें 'गीतगोविंदा'च्या आरंभीं दहा अवतारांचें स्तवन गेय पदांत बांधलें. समर्थ रामदासांच्या 'दासबोधां'त दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख येतो, म्हणजे तेव्हां हा खेळ लोकांच्या ओळखीचा होता. सावंतवाडीच्या कारागिरांनीं दहा अवतारांचा एकशेंवीस पानांचा गंजिफा रंगविला, आणि लोकांनीं देवांचे डाव मांडले. शिल्प, काव्य, नाटक, पत्त्यांचा खेळ, इतक्या रूपांतून गेलेल्या विषयानें विजेच्या गिटारीचेंहि रूप घ्यावें, यांत पाखंड तें कोणतें? खरा प्रश्न निराळा आहे. नव्या साधनानें त्या जुन्या विषयांतील कांहीं अंग आम्हांस नव्यानें दाखविलें काय? दाखविलें नसेल तर तो अल्बम केवळ एक कुतूहलाचा पदार्थ ठरेल. दाखविलें असेल तर तो कलाकृति ठरेल.

आतां साधनाकडे वळूं. विजेच्या गिटारीचा स्वर वर्धकाच्या कुवतीपलीकडे नेला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे कापले जातात. मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर बळावतात आणि नाद लवकर न विरतां लांबत जातो. कानास जी करकर वाटते ती ही. तिच्याखालीं ड्रम वाजविणारा दोन्ही पायांनीं दोन पेडलें चालवून मोठ्या ढोलावर आघातांची अखंड रांग उठवितो, आणि ऐन आवेगाच्या जागीं हाताचे व पायाचे आघात इतक्या जलद एकाआड एक पडतात कीं, ताल मोजण्याचें सोडून श्रोता केवळ त्याच्या प्रवाहांत उभा राहतो. या सर्वांवर कीबोर्डचे विस्तीर्ण, देवळाच्या घुमटासारखे स्वर पसरलेले असतात. स्वरांविषयीं म्हणावें तर मेटलला आवडणारीं दोन स्वरसप्तकें आमच्या कानांस मुळींच परकीं नाहींत. ज्यास पाश्चात्त्य फ्रिजियन म्हणतात तो आमचा भैरवी थाट, आणि ज्यास हार्मोनिक मायनर म्हणतात त्याचे स्वर आमच्या किरवाणीचे. पांचांच्या आणि सातांच्या मात्रांनीं चालणारे ताल पाश्चात्त्य श्रोत्यास विलक्षण वाटतात. झपताल आणि रूपक ऐकत वाढलेल्या माणसास त्यांत विस्मय वाटण्याचें कारण नाहीं. परकें आहे तें येवढेंच कीं, आमच्या भैरवींत मैफल शांत होते, आणि येथें त्याच स्वरांतून वादळ उठतें.

परंतु सर्वांत मोठी अडचण गळ्याची आहे. मखिजा अधूनमधून स्वच्छ, सुरेल आवाजांतहि गातो. पण मुख्य वाणी गर्जनेचीच. कंठांत खऱ्या स्वरतंतूंच्या वर दुसरे दोन मांसल पडदे असतात. बोलतांना ते बहुधा निजलेले असतात. ते कंपित केले म्हणजे हा घर्घर स्वर निघतो. यांत शब्द जवळजवळ बुडतात. इंग्रजी शब्द, आणि तेहि अशा आवाजांत! छापील पाठ पुढें नसता तर मला चौथा हिस्साहि कळला नसता. तथापि या मुद्द्यावर आम्हीं फार ताठून जाऊं नये. ख्यालांतील चीजेचे शब्द तानेंत कोठें जातात, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळांनीं विचारला आहे. आणि संगीत नाटकांच्या भरभराटींत पद रंगलें कीं कथानक ताटकळत उभें राही, तरी 'वन्स मोअर' थांबत नसे. शब्द हरवणें हा दोष खरा. पण तो दोष आम्हीं आमच्या आवडत्या गायकांस कैक वेळां माफ केलेला आहे.

गर्जनेविषयीं मात्र मला एक गोष्ट फार दिवसांनीं आठवली. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें आणि मराठी नाटकाचा पाया घातला. त्या पौराणिक खेळांत राक्षस येत ते भयंकर आरोळ्या ठोकीत. पुढें त्या साऱ्या परंपरेसच 'अललडुर्र' असें थट्टेचें नांव मिळालें. इंग्रजी विद्या शिकलेल्या आमच्या आजे-पणज्यांनीं ती आरोळी गांवढळ ठरविली, शेक्सपिअरचीं भाषांतरें केलीं, आणि रंगभूमि सभ्य झाली. झाली हें चांगलेंच झालें. परंतु त्या सभ्यतेंत भयानक आणि अद्भुत हे दोन रस आमच्या नागर कलांतून जवळजवळ हद्दपार झाले. राक्षस राहिले, पण ते वकिलासारखे बोलूं लागले. डेमॉनिक रेझरेक्शनची गर्जना ऐकतांना मला वाटलें कीं, दाराबाहेर घालविलेली ती आरोळी समुद्रापारचा वळसा घेऊन मुंबईस परत आली आहे. तिला आणणाऱ्या तरुणांस भाव्यांची आठवण असण्याचें कारण नाहीं. रसाची भूक मात्र तीच आहे.

तरीहि एक भेद उरतो, आणि या अल्बमाचें यश व अपयश दोन्ही त्या भेदांत आहेत. जुन्या खेळांत आरोळी असुराची असे. देव स्पष्ट वाणींत बोलत असे. 'दशावतारां'त गर्जणारा स्वतः अवतार आहे. हें औचित्याला धरून आहे काय? औचित्य हा शब्द मी मुद्दाम योजिला. ज्या क्षेमेंद्रानें दशावतारांवर काव्य लिहिलें, त्यानेंच 'औचित्यविचारचर्चा' लिहून औचित्य हेंच काव्याचें जीवित होय असा सिद्धांत मांडला. तेव्हां दशावतारांच्या या नव्या गायकास क्षेमेंद्राचीच कसोटी लावणें न्याय्य होईल.

या कसोटीस पूर्णपणें उतरणारें गीत 'नरसिंह' हें होय. हिरण्यकशिपूनें मागितलेला वर आठवा: मनुष्याच्या हातून नको, पशूच्या नको, घरांत नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्रीं नको. त्या वरास जो उत्तर देतो त्याचा आवाज कसा असावा? तो मनुष्याचा असेल तर वर भंगत नाहीं. पशूचा असेल तरीहि नाहीं. ती वाणी शब्द आणि डरकाळी यांच्या उंबरठ्यावरचीच असली पाहिजे. आमच्या कीर्तनकारांनीं खांब दुभंगण्याचें वर्णन उत्तम केलें, शिल्पकारांनीं तें कोरलें, चित्रकारांनीं रंगविलें; पण तो आवाज आमच्या कोणत्याहि कलेस देतां आला नव्हता, कारण सुरेल गळा तो देऊंच शकत नाहीं. मेटलची गर्जना धड शब्द नव्हे आणि धड आरोळीहि नव्हे. जो तिचा दोष म्हणून आम्ही सांगत आलों, तोच येथें गुण होऊन बसतो. हें गीत ऐकतांना प्रथमच मला त्या कथेंतील भय कळलें. तें हिरण्यकशिपूचें भय नव्हे. ज्याच्या रक्षणासाठीं तें रूप प्रकटलें त्या लहान प्रल्हादानेंहि तो आवाज ऐकला असेल, हें भय. कथा बाळपणापासून पाठ असूनहि हा विचार माझ्या मनांत कधीं आला नव्हता. एखाद्या कलाकृतीनें येवढें केलें तर तिचें ऋण मान्य केलें पाहिजे.

प्रलयाच्या पाण्यांतला मत्स्य, पृथ्वीस दांतांवर उचलणारा वराह, परशु घेतलेला भार्गव आणि शेवटीं येणारा कल्कि, या चौघांसहि हें साधन मानवतें. रौद्र, अद्भुत आणि भयानक या रसांचें येथें राज्य आहे, आणि वादकांचें कसब त्या राज्यास शोभण्यासारखें आहे. परंतु अवतार दहा आहेत, रस एक नाहीं. बँडनें गीतांचीं नांवें मोठ्या मार्मिकपणें ठेविलीं आहेत: प्रत्येक अवताराच्या नांवापुढें त्याची ओळख. राम हा 'राजपुत्र', कृष्ण हा 'गुराखी', बुद्ध हा 'गुरु'. नांवांत जो सौम्यपणा ओळखला आहे तो ध्वनींत टिकत नाहीं. पंचवटींत राहणाऱ्या माणसास राम हा प्रथम वनवासी म्हणून ठाऊक असतो. भवभूतीनें 'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक याच पंचवटीच्या परिसरांत ठेविला. लंकेचा जेता तेथें ओळखीचीं झाडें पाहून मूर्च्छित पडतो. रामकथेचें वजन रावणवधांत आहे त्याहून अधिक या शोकांत आहे. मेटलला शोक कळत नाहीं असें नाहीं. मंद गतीचे, विषण्ण प्रकार त्यांतहि आहेत. पण येथें रामासहि परशुरामाच्याच शस्त्रागारांतून सज्ज करण्यांत आलें आहे. कृष्णाच्या बांसरीचें स्थान तर याहून नाजूक. स्वच्छ गळ्याचा जो उपयोग मखिजा मधूनमधून करतो, तो या दोन गीतांत त्यानें मनमोकळेपणें केला असता, तर गर्जना आणि गान यांच्या विरोधांतून दहा अवतारांचा चढउतार उभा राहिला असता.

वामनाविषयींहि असेंच. दिवाळींत बळीचें राज्य पुन्हा यावें असें आपल्या घरांतून म्हणतात; महात्मा फुल्यांनीं तर बळीस शेतकऱ्यांचा न्यायी राजा मानिलें. या कथेंत लोकांचें अंतःकरण जेत्याकडे नसून पाताळांत घातलेल्या दात्याकडे आहे. असुरांचें पुनरुत्थान हें नांव ज्यांनीं मिरविलें, त्यांनीं तरी बळीच्या तोंडीं एक संपूर्ण गीत द्यावयास हवें होतें. त्यांच्या साऱ्या वाटचालीनें त्यांस तो अधिकार दिला होता. तो त्यांनीं वापरला नाहीं, याची मला हळहळ वाटते.

आतां नववा अवतार. जयदेवानें या यादींत बुद्धास घेतलें, आणि बँडनेंहि तीच परंपरा स्वीकारली आहे. महाराष्ट्रांत या जागेचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. आमच्या जुन्या चित्रांतून व पंचांगांतून नवव्या स्थानीं पुष्कळदां विठोबा उभा असतो. संतांनीं विठ्ठलास बौद्ध अवतार म्हटलें, आणि तुकोबांस त्या अवताराचें लक्षण दिसलें तें मौन. दुसऱ्या बाजूनें, ज्या नाशकांत मी हें लिहीत आहें तेथें ता. २ मार्च १९३० रोजीं काळारामाच्या दारीं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तें दार उघडलें नाहीं. पांच वर्षांनीं याच जिल्ह्यांत येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. आणि १९५६ सालीं नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हें मत स्पष्टपणें नाकारलें. गांवाच्या एका टोकास काळाराम, दुसऱ्या टोकास त्रिरश्मीच्या डोंगरांत बौद्ध लेणीं. यांच्यामध्यें राहणाऱ्या माणसास नववें गीत निर्विकारपणें ऐकतां येत नाहीं. कलावंतानें परंपरागत यादी घेतली म्हणून त्यास दोष देणार नाहीं. परंतु ती यादी आतां केवळ पौराणिक उरलेली नाहीं, हें येथील श्रोत्यानें विसरूं नये. शुद्ध कलेच्या दृष्टीनेंहि हें गीतच सर्वांत कठीण. भक्त त्यास मौन म्हणोत कीं अनुयायी त्यास शांति म्हणोत, जो आवाज बंद करावयास शिकवितो त्याचें वर्णन गर्जनेनें कसें करावयाचें? येथें वादळ एकाएकीं थांबलें असतें, चार क्षण केवळ एकच स्वर उरला असता, तर त्या निःशब्दतेनें मागील आठ गीतांस अर्थ आला असता आणि पुढील कल्कीच्या घोड्याची टाप दुप्पट भयंकर वाटली असती. मौन हेंहि संगीताचें एक वाद्य आहे. या बँडनें तें वाजविलें नाहीं.

शेवटचा प्रश्न परकेपणाचा. विषय आमचा, भाषा इंग्रजी, सांचा बर्मिंगहॅमचा. मग यास आमचें कसें म्हणावें? माझ्यासारख्यानें हा प्रश्न विचारतांना थोडें जपून विचारला पाहिजे, कारण माझी उपजीविका परक्या भाषेच्या वाङ्मयावर झाली आहे. केशवसुतांनीं सॉनेट मराठींत आणलें तेव्हां तें परकेंच होतें. आज सुनीत शब्द उच्चारतांना कोणास इटलीची आठवण होते? हार्मोनियम पॅरिसहून आली आणि कीर्तनांत, भजनांत, दशावतारी खेळांतहि पाय रोवून बसली. रूप परकें असण्यानें कांहीं बिघडत नाहीं. तें रूप आपल्या अनुभवाच्या वजनानें वांकलें पाहिजे, एवढीच अट आहे. 'नरसिंहा'त तें वांकलें आहे. 'रामा'त आणि 'बुद्धा'त तें ताठच राहिलें आहे. दहांपैकीं निम्म्या ठिकाणीं यश ही लहानसहान गोष्ट नव्हे. पुष्कळ प्रतिष्ठित काव्यसंग्रहांसहि तें साधत नाहीं. मखिजानें यानंतरहि स्वतंत्रपणें अल्बम काढले आहेत; २०२३ सालच्या 'द प्रोपगँडा मशीन'मध्यें तर तो पुराण सोडून चालू काळाच्या असुरांकडे वळला आहे. गर्जनेस योग्य विषय सांपडण्यास पुराणांतच जावें लागतें असें नाहीं, हें त्यास कळलेलें दिसतें. कोणी मराठी तरुण हेंच साधन घेऊन, दशावतारी खेळाची रात्र अनुभवून, मालवणींत वा वऱ्हाडींत संकासुर उभा करील, तर तो ऐकावयास मी आनंदानें जाईन. मात्र कानांत थोडा कापूस घालून.

मुलीच्या प्रश्नाचें उत्तर मीं अजून तिला दिलेलें नाहीं. या सत्रांत मिल्टनचा दुसरा सर्ग शिकवितांना मात्र मीं पुस्तक मिटलें आणि वर्गास विचारलें, "याचा आवाज कसा असेल?" सिन्नर-निफाडकडून एस्टीनें येणारीं मुलें प्रथम एकमेकांकडे पाहूं लागलीं. मग मागल्या बांकावरून एकानें हळूच एक घर्घर काढली, आणि सारा वर्ग हंसला. मीहि हंसलों, पण उत्तर बरोबर दिशेचें होतें, हें मला त्यास सांगावें लागलें.